झाडूवाली टीम आणि ग्रॅनाइटचे सांधे

त्या ब्रँडच्या पहिल्या जाहिरातीत स्केटबोर्ड नव्हता. एका मोकळ्या पार्किंगमध्ये पाच जण रांगेत उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याचा झाडू होता. खाली ब्रँडची खूण होती, इमारतीच्या गच्चीवर असते तशा पाण्याच्या टाकीची बाह्यरेषा. बाकी मजकूर नाही. फुकट वाटल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकात ती पाव पानभर आली होती. मी तेव्हा दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ती जाहिरात कापून ठेवली. त्याला वाटलं, सफाई कंपनीची आहे. घरासाठी त्याला माणूस हवा होता.

झाडूमागे कारण होतं. रस्त्यावर खेळायच्या स्केटबोर्डची चाकं लहान आणि टणक असतात. मसुराएवढा खडा चाकाखाली आला तरी बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि वरचा माणूस पुढे जातो. या देशात वारा रोज कुठून तरी वाळू आणून टाकतो. त्यामुळे ब्रँडच्या स्केटर टीमचा नियम होता: आधी झाडायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं, मग खेळायचं. पुढे मस्कत आणि दोहामधले स्केटरही खांद्यावर झाडू टाकून फिरताना दिसू लागले. ही पद्धत कुठून आली हे त्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. ब्रँडचा प्रभाव मोजायला मला हे माप विक्रीच्या आकड्यांपेक्षा भरवशाचं वाटतं.

ब्रँडचा मालक शारजाहमध्ये जन्मलेला इजिप्शियन होता. आधी तो होर्डिंगची डिझाइनं करायचा. रास अल खोरमध्ये टायरची दुकानं आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे गाळे यांच्यामध्ये त्याचं गोदाम होतं. तिथे लाकूड दाबायचा एक प्रेस होता. मेपल लाकडाच्या पातळ थरांचा कंटेनर खोर फक्कान बंदरात उतरायचा, आणि मालक स्वतः छोटा ट्रक घेऊन डोंगरापलीकडून माल आणायचा. थरांना गोंद लावून प्रेसमध्ये दाबायचे, करवतीने आकार कापायचा, कडा घासायच्या. मालकाला अरबी आणि इंग्रजीखेरीज गाळ्यांच्या शेजाऱ्यांकडून शिकलेलं हिंदी येत असे. त्या हिंदीत सगळी क्रियापदं पुल्लिंगी होती.

गोदामाच्या मागच्या भिंतीवर टीमची खरी नोंद होती. टीममधला कोणी देश सोडून गेला की त्याने शेवटचा वापरलेला बोर्ड मागे ठेवायचा. चाकं काढून घ्यायची आणि लाकूड भिंतीवर ठोकायचं. त्यावर माणसाचं नाव नसे. तो जिथे गेला त्या शहराचं नाव मालक जाड मार्करने लिहायचा. अम्मान, मनिला, कोची, लाहोर. टीममधले सगळे इथेच वाढलेले होते, पण इथले कोणीच नव्हते. प्रत्येक जण वडिलांच्या व्हिसावर होता आणि वडील कंपनीच्या व्हिसावर. मी गोदामात पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर मोजकेच बोर्ड होते आणि मला ती सजावट वाटली होती.

मी गेले ते माझ्या मुलीमुळे. ती दहावीत होती. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर. रास अल खोरला बांधकामाच्या हत्यारांच्या खरेदीला गेला असताना तिला बरोबर घेऊन गेला आणि परत आला तो बोर्ड घेऊन.

"अडीचशे दिरहॅम," तो म्हणाला, आणि मी विचारायच्या आत, "म्हणजे तीन हजार रुपये. माहितीये मला."

"तीन हजारांची फळी?"

"इट्स नॉट अ फळी, आई," मुलगी म्हणाली. "इट्स सेव्हन प्लाय."

"सात थर आहेत," नवऱ्याने भाषांतर केलं. "प्लायवूडच, पण चांगलं दाबलंय." इंजिनिअरने लाकूड तपासलं होतं, त्यापुढे बोलायला जागा नव्हती.

वर्षभरात ती टीममध्ये होती. एकटी मुलगी म्हणून तिला कोणी सवलत दिली नाही आणि तिनेही मागितली नाही. शुक्रवारी सुट्टी. पहाटे मालकाची व्हॅन आमच्या इमारतीखाली येऊन हॉर्न द्यायची आणि त्यात मागे झाडू आडवे ठेवलेले असायचे. खाली राहणाऱ्या नागपूरच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये विचारलं होतं, "कुठलं समाजकार्य करते हो तुमची?"

मग मंदी घेऊन 2008 चा हिवाळा आला.

आमच्या डेस्कवर त्याची चाहूल शब्दांतून लागली. बांधकामांबद्दल 'बंद' हा शब्द आम्ही लिहीत नव्हतो. 'वेळापत्रकाचा फेरविचार' लिहीत होतो. मग पानं कमी झाली. मग लोक कमी झाले. ज्याने सफाई कंपनीची जाहिरात कापली होती, तो सहकारी एका सोमवारी आला नाही आणि मंगळवारी त्याच्या खुर्चीवर कोणीतरी जुने अंक ठेवले. माझी कायम नोकरी त्याच महिन्यात संपली. रोजच्या पाळीप्रमाणे पैसे, अशी व्यवस्था झाली आणि मला उरलेलं काम मिळालं: वाचकांची पत्रं, नमाजच्या वेळा, भरती-ओहोटी, हवामानाचा चौकोन. घरात आता एकच पगार आणि एकच व्हिसा होता. नवऱ्याची नोकरी गेली तर थोडक्या मुदतीत तिघांनाही देश सोडावा लागणार होता. मुलगी अकरावीत होती. पुण्याला आम्ही परत जाऊ शकलो असतो. पण वर्षाच्या मधे तिला कुठल्या कॉलेजने घेतलं असतं आणि नवऱ्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कोणी, याची उत्तरं नव्हती. आम्ही ते प्रश्न मोठ्याने विचारत नव्हतो. फोन वाजला की दोघंही आधी एकमेकांकडे बघायचो, मग फोनकडे.

नवऱ्याची साइट दुबई मरीनाच्या टोकाला होती. टॉवरचा सांगाडा अर्ध्यावर थांबलेला. क्रेनचा हात एकाच दिशेला रोखलेला राहिला होता. पण टॉवरच्या पायथ्याचं अंगण पूर्ण झालेलं होतं. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी आधी ते बांधतात: काळसर ग्रॅनाइटचं मोठं पटांगण, रुंद पायऱ्या, बसायला लांब कट्टे, पाणी नसलेलं कारंजं. वर काही नाही आणि खाली हे. कंपनीने बहुतेकांना घरी पाठवलं होतं. नवरा, एक फोरमन आणि थोडे मजूर यांना 'देखभालीसाठी' ठेवलं होतं. फोरमन कुडाळकडचा. लाद्या बसवण्याचं काम तो आयुष्यभर करत आला होता. त्याला रिकामं बसणं जमत नव्हतं.

शहरात अशी अंगणं आता जागोजागी होती आणि बहुतेक ठिकाणी हाकलायला पहारेकरी नव्हते. ब्रँडची जी छायाचित्रं पुढे गाजली ती या वर्षातली आहेत. पॉलिश केलेला दगड, मागे सळया बाहेर आलेला सांगाडा, मधे हवेत एक माणूस. विक्री आटली होती, प्रेस आठवड्यातून एखाद्या दिवशीच चालायचा. तरीही मालकाने याच काळात टीमची पहिली फिल्म करायला घेतली. त्याचं म्हणणं, टीमच राहिली नाही तर फिल्म कोणाची करणार? भिंतीवर दर महिन्याला बोर्ड वाढत होते. स्केटबोर्डच्या फिल्ममध्ये प्रत्येकाचा एक भाग असतो आणि शेवटचा भाग मिळणं हा मान. जे बाकी होते त्यांच्यातून त्याने शेवटचा भाग मुलीला दिला.

जागा तिनेच सुचवली. नवऱ्याने नकार द्यायला हवा होता. त्याने वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठ स्वतः सामान बांधण्यात होते, त्यांनी "शुक्रवारी काय हवं ते करा, इन्शाल्ला कोणी बघणार नाही" असं सांगितलं. नवऱ्याने तीच परवानगी मानली.

पहिल्या शुक्रवारी मीही गेले होते. झाडणं झालं, पुसणं झालं. मुलीने पटांगणाच्या टोकाकडून वेग घेतला आणि पायऱ्यांच्या अलीकडे जोरात आपटली. दगडात ठरावीक अंतरावर रुंद फटी होत्या, आणि चाक त्यातल्या एकीत अडकलं होतं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिची कोपरं सोलून निघाली.

"सायब, चेडवाक खय लागला बघा," फोरमन मुलीच्या कोपरांकडे बोट दाखवून म्हणाला. "हे फटी बुजवया. नुसतो बसान पगार खातंय, द्या कायतरी करूक."

नवऱ्याने वाकून फटीत बोट घातलं. त्या फटी कशासाठी असतात हे त्याला, फोरमनला आणि मालकालाही माहीत होतं. दगड उन्हात फुगतो. त्याला पसरायला जागा लागते. म्हणून सांधा मोकळा ठेवतात आणि त्यात रबरासारखा मऊ मसाला भरतात. त्याची पातळी दगडाच्या खाली असते. सांधा टणक मसाल्याने काठोकाठ भरला की पटांगण एकसंध आणि गुळगुळीत होतं. आणि उन्हाळा आला की दगडाला पसरायला वरची दिशा सोडून दुसरी दिशा राहत नाही.

"आत्ता डिसेंबर आहे," नवरा म्हणाला. "एप्रिलच्या सुरुवातीला परत कापून काढायचे."

"काढू मा. माझ्याकडे कटर आसा, माणसा आसत."

हा निर्णय बेजबाबदार नव्हता, असं तेव्हा वाटलं आणि आजही तो मला केवळ बेजबाबदार वाटत नाही. दोन माणसं, ज्यांनी जन्मभर मोठाल्या गोष्टी बांधल्या, कित्येक आठवडे रिकामी बसली होती. समोर एक छोटं काम होतं आणि ते ओळखीच्या माणसासाठी होतं. त्यांनी ते मन लावून केलं. मसाल्यात दगडाच्या रंगाची पूड मिसळली. आठवड्याने मी पाहिलं तेव्हा सांधे कुठे होते ते मला वाकूनही दिसेनात. फोरमन म्हणाला, "वयनी, हात फिरवन बघा." मी फिरवला. काचेसारखं होतं.

मालकाने गुडघ्यावर बसून दगडाला कान लावला, बोर्ड ढकलून चाकांचा आवाज ऐकला आणि उठून नवऱ्याला मिठी मारली. "या मुहंदिस!" म्हणजे इंजिनिअर. त्यानंतर तो त्याला याच नावाने हाक मारू लागला.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मुलीला एक गोष्ट साधायची होती: कट्ट्यावर चढायचं, त्याच्या कडेवरून पूर्ण लांबी घसरत जायचं, टोकाला बोर्ड पायाखाली उलटा फिरवून पायऱ्यांपलीकडे उतरायचं. प्रत्येक तुकडा वेगळा जमत होता. एकत्र जमत नव्हतं. कॅमेऱ्यात फक्त पडणं साठत होतं.

मार्चच्या शेवटी कंपनीने मजुरांना दुसऱ्या अमिरातीतल्या साइटवर हलवलं. बस सकाळी आली आणि कटर, जनरेटर, पाण्याचे पंप, सगळं घेऊन गेली. फोरमन राहिला, तोही एकटा. नवऱ्याला त्याच दिवशी दुसरी बातमी मिळाली. कर्ज देणाऱ्या बँकेचे तपासनीस थांबलेल्या साइट्स बघत फिरत होते. काय पुन्हा सुरू करायचं, कुठली माणसं ठेवायची, हे त्यावर ठरणार होतं. त्यांना दाखवायला आमच्याकडे एकच पूर्ण गोष्ट होती: ते अंगण.

तिथून पुढचे आठवडे मी हवामानाचा चौकोन भरत काढले. दुपारी वेधशाळेचा अंदाज यायचा. कमाल, किमान, दमटपणा. पूर्वी मी तो न वाचता चिकटवत असे. आता आधी कमाल तापमान बघत असे. आकडा एकाने वाढला की मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन करायची. तो "हं" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. तो रोज दुपारी पटांगणात पालथा पडून दगडाच्या पातळीत डोळा ठेवून बघायचा, फुगवटा दिसतो का. फोरमन टाचेने एकेक लादी ठोकत फिरायचा. लादी खालून सुटायला लागली की आवाज पोकळ येतो.

"वयनी, तुमच्या पेपरात ऊन थोडा कमी छापा," तो मला फोनवर म्हणाला होता. मी हसले.

घरात हे सरळ बोललं जात नव्हतं. एकदा जेवताना मीच काढलं. "भाड्याने कटर मिळणार नाही का?"

"मिळेल. कंपनीच्या नावाने घेतला तर कशाला म्हणून विचारतील. माझ्या नावाने घेऊन साइटवर नेला तर गेटवर नोंद होईल."

"मग फोरमन छिन्नीने..."

"अगं, छिन्नी मारली तर दगडाच्या कडा उडतील. ते आणखी दिसेल."

मुलगी ताटाकडे बघत होती. "बाबा, इफ यू कट इट, आय कान्ट फिनिश."

"माहितीये."

"आय जस्ट नीड टू फ्रायडेज."

"दोन शुक्रवार आहेत की नाहीत ते मला माहीत नाही, बाळा."

"सो इट्स माय फॉल्ट?"

"असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"नोबडी. नोबडी सेज एनीथिंग इन धिस हाउस."

हे खरं होतं. तिने ताट उचललं आणि आत गेली.

मार्ग मालकाने काढला. तो नवऱ्याला नव्हे, मला भेटायला कार्यालयाखाली आला, कारण मुहंदिस ऐकणार नाही असं त्याला वाटत होतं. त्याच्या शेजारच्या गाळ्यात दगड कापणारा पठाण होता. त्याचा कटर आणि पाती मिळणार होती. व्हॅनमध्ये झाडूंच्या खाली ती कोणाला दिसणार नव्हती. गेटवर शुक्रवारी व्हॅनची सवय झालेली होती. "टीम काटेगा," तो म्हणाला. "टीम ने लिया, टीम वापस करेगा. खलास."

मी म्हटलं, "आणि फिल्म?"

त्याने खांदे उडवले. मागचे काही महिने तो ज्या गोष्टीवर जगत होता तिच्याबद्दल त्याने एवढंच केलं.

येत्या शुक्रवारी आधी तिचा प्रयत्न आणि मग कापणं, असं ठरलं. तपासनीस त्यापुढच्या आठवड्यात येणार होते. बुधवारी दुपारी वेधशाळेचा अंदाज आला. वाळवंटाकडून गरम वारा, कमाल तापमान एकदम वर, चाळीसच्या पलीकडे, गुरुवारपासून. मी तो चौकोनात भरला आणि नवऱ्याला फोन केला. त्याने आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, "तिला शाळेतून घे. मी त्याला व्हॅन आणायला सांगतो. आज."

मी पाळी अर्ध्यावर सोडली. तसं करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बोलावत नसत, हे माहीत होतं. मुलीला शाळेच्या फाटकातून घेतलं. तिने टॅक्सीत गणवेशावरच बूट बदलले.

पटांगणातली गरमी पायातल्या चपलांमधून कळत होती. टीममधले तिच्याशिवाय तिघे उरले होते, ते झाडत होते. फोरमन टाचेने ठोकत एका कोपऱ्यात थांबला आणि त्याने नवऱ्याला हाताने खूण केली. नवऱ्याने ठोकलं. मी लांबून ऐकलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज होता.

"किती वेळ?" मालकाने विचारलं.

"कापायलाच संध्याकाळ होईल," नवरा म्हणाला. मग मुलीकडे बघून, "अर्धा तास. त्यानंतर मी सुरू करणार."

तिने वेग घेतला. कट्ट्यावर चढली, घसरली, टोकाला पडली. पुन्हा. पुन्हा. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, कोणी "यल्ला", म्हणजे चल, म्हणत नव्हतं. मालक पायऱ्यांच्या खाली कॅमेरा घेऊन पालथा पडला होता. एकदा ती उतरली, दोन्ही पाय बोर्डवर, आणि मला वाटलं झालं. पण बोर्ड पुढे निसटला आणि ती मागे बसली. तिने दगडावर हात आपटला आणि उठली.

ती परत सुरुवातीच्या टोकाला जात असताना लादी उठली. आवाज टायर फुटल्यासारखा आला. कोपऱ्यात, जिथे फोरमनने ठोकलं होतं तिथे, दोन लाद्या एकमेकींना डोकं लावून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि एकीला मधोमध तडा गेला होता. मालकाने कॅमेऱ्यातून डोळा काढला. फोरमनने "उठली!" एवढंच म्हटलं.

नवऱ्याने मुलीकडे बघितलं. त्याने दिलेल्या वेळातला वेळ उरला होता. तिने बोर्ड पायाने उचलून हातात घेतला, कट्ट्यावर ठेवला आणि झाडू उचलला.

"कट इट, बाबा," ती म्हणाली. "यल्ला."

पुढचे तास मला आवाज म्हणून आठवतात. कटर फोरमनने चालवला. नवऱ्याने त्याच्यापुढे दोरी धरून रेघ मारली. टीममधले मागून बाटल्यांनी पाणी ओतत होते, आणि मुलगी निघालेली चिखलासारखी पूड झाडून बाजूला करत होती. मी पाण्याच्या बाटल्या भरून आणत होते. गेटवरच्या पहारेकऱ्याने येऊन बघितलं. फोरमन त्याला म्हणाला, "सफाई चल रहा है भाई," आणि समोर झाडू चालू असल्याने ते खोटं ठरलं नाही. दिवस मावळेपर्यंत सांधे मोकळे झाले. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात एकही लादी उठली नाही.

जाण्यापूर्वी मालकाने मुलीला एकदा पटांगणावरून जायला सांगितलं. नुसतं, सरळ. ती गेली. प्रत्येक फटीवर चाकं वाजत होती, खट्, खट्, खट्, खट्, अंतर सारखं. ती न पडता टोकापर्यंत गेली आणि तिथे बोर्डवरून उतरली. फिल्ममध्ये तिचा भाग म्हणजे एवढंच आहे. आधी पडण्याचे काही तुकडे, मग लादी फुटल्याचा आवाज, मग हे. फिल्म फार थोड्या लोकांनी पाहिली. ज्यांनी पाहिली ते तो आवाज ओळखतात, असं मला पुढे अनोळखी तरुणांनी सांगितलं आहे.

फोरमनने शिल्लक मालातून नवी लादी बसवली. ती दुसऱ्या खाणीतल्या मालाची निघाली. रंगात किंचित उजळ. बदलायला दुसरी नव्हती.

तपासनीस दोघे होते. त्यांनी अंगणात फेरी मारली आणि त्यांतला एक त्या उजळ लादीपाशी थांबला. हे नवऱ्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं.

"मग?"

"विचारलं, ही का बदलली."

"मग?"

"सांगितलं. सांधा बुजवला होता, माझ्या सांगण्यावरून. लादी उठली. सांधे परत उघडले."

"का बुजवला ते विचारलं?"

"हो."

"आणि?"

"मुलीसाठी, म्हटलं." तो पाणी प्यायला. "लिहून घेतलं त्याने."

"असं कशाला सांगितलंस?" माझा आवाज चढला होता. "म्हणायचं, मजुरांची चूक."

"फोरमन शेजारी उभा होता गं."

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. मला वर्तमानपत्राने पुन्हा बोलावलं नाही, त्यामुळे रोजचं तापमान मला इतरांसारखं दुसऱ्या दिवशी कळू लागलं. मी कपाटातल्या वस्तूंचे मनातल्या मनात दोन भाग करत होते: न्यायच्या आणि टाकायच्या. मुलगी अभ्यास करत होती, किंवा पुस्तक उघडं ठेवून बसत होती. मालकाने भिंतीवर एक जागा रिकामी सोडली आहे असं तिने एकदा सांगितलं. कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही.

फोन जूनमध्ये आला. नवरा गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं. काचेतून आम्हाला त्याची पाठ दिसत होती. तो आत आला तेव्हा मोबाइल दोन्ही हातांत धरलेला होता.

"राहतोय," तो म्हणाला. "काम दुसऱ्या कंपनीकडे दिलंय. साइटची माहिती असलेला माणूस हवा म्हणून मला ठेवलंय. पगार कमी. फोरमनलाही ठेवलंय."

"आणि ते सांध्याचं?"

"त्याबद्दल एक वाक्य होतं. यापुढे लेखी विचारायचं."

मी खुर्चीवर बसले. मुलीने वडिलांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "सो वी आर स्टेइंग?"

"हो."

"सो आय कॅन कीप फॉलिंग हियर. ॲट होम," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावलं. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. आम्ही दोघंही उठलो नाही.

बारावीनंतर ती पुण्याला शिकायला गेली. ते ठरलेलंच होतं. त्यात कोणाची नोकरी जायची गरज पडली नाही. तिने स्वतः गोदामात बसून चाकं सोडवली. मालकाने मार्कर तिच्या हातात दिला, कारण मराठीत लिहायचं तिने ठरवलं होतं. 'पुणे'ची अक्षरं वाकडी आली. पुढे भाडं वाढलं, मालकाने प्रेस विकला आणि बोर्ड दुसऱ्या देशातून करून घेऊ लागला. काही वर्षांनी तेही थांबलं. भिंतीवरचे बोर्ड त्याने एकेक करून त्या त्या शहरात पाठवले, असं ऐकते. आमचा आला. पुण्याच्या घरात चपलांच्या कपाटावर आहे.

तो टॉवर आता पूर्ण आहे. कट्ट्यांच्या कडांना कोणी बोर्ड घसरवू नये म्हणून धातूची बोंडं ठोकली आहेत. कारंज्यात पाणी असतं. अजून कधी दुबईला, मरीनाला गेलो की नवरा बोलता बोलता पटांगणाच्या एका कोपऱ्याकडे वळतो. ती उजळ लादी अजून तिथेच आहे. तो तिच्यावर उभा राहतो, टाच दोनदा ठोकतो, ऐकतो, आणि मग म्हणतो, "चल."